तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी उंच सायकल का चालवता?

नागपुरात लॉ कॉलेज चौकात सिग्नलला थांबलो की कोणी ना कोणी विचारतंच. भाऊ, ही फ्रेम तुमच्या साइझची नाही, पाय टेकायलाही त्रास होऊन राहिला, विकून दुसरी घ्या ना. आणि ज्यांना सायकल कोणाची ते माहीत आहे ते आवाज खाली आणून विचारतात, अजून किती दिवस? तर एकदाच लिहून टाकतो. ही सायकल ज्याची, तो माझा मित्र कसा गेला वगैरे तुम्हाला माहीत आहे, ते परत नको.

पहिलं म्हणजे त्याला सायकलिंग फार आवडायचं असं जे सगळे सांगत सुटलेत ते अर्धंच खरं आहे. शुगर निघाली, डॉक्टरनी हाकललं, म्हणून गडी रविवारी यायला लागला. फुटाळ्यापर्यंत ठीक, पुढे सेमिनरी हिल्सचा चढ लागला की "काहून मरून राहिलो बे आपण सकाळी सकाळी" हे ठरलेलं. उताराला मात्र ब्रेक न लावता सुटायचा, आणि झिरो माइलला थांबून त्या दगडावर कोरलेले मैल मोठ्याने वाचायचा, जबलपूर 170, मग तोंडी गुणाकार करून म्हणायचा पावणेतीनशे किलोमीटर, निघायचं का? दर वेळी हाच जोक. मी हसायचो नाही. खरी ओढ कस्तुरचंद पार्कजवळच्या तर्री पोह्यांची, शुगरवाला माणूस एकच प्लेट घ्यायचा आणि तर्री तीनदा मागायचा.

दुसरं, सायकल मला फुकटात मिळाली ही जी गोष्ट फिरून राहिली ती साफ खोटी आहे. झालं असं की मी त्याच्या घरी विम्याचे कागद द्यायला गेलो होतो, संध्याकाळी, आणि खाली पार्किंगमध्ये काका एका इंजिनिअरिंगच्या पोराला सायकल दाखवत होते. विकायला काढलीय हे मला कोणी सांगितलंही नव्हतं, आणि का सांगावं, माझा काय संबंध. पोरगा चांगला होता, चेन बघितली, गिअर टाकून बघितले, मग म्हणाला काका सीट खाली करून बघू का. काका म्हणाले कर बेटा, तुझ्या हिशोबानं कर, आणि मोबाइलचा टॉर्च धरून उभे राहिले. आता त्या सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, मित्रानं काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, त्याच्या उंचीची खूण, सर्व्हिसिंगवाले दर वेळी सीट हलवतात म्हणून शिव्या देत लावलेली. पोरानं ॲलन कीनं क्लॅम्प ढिला केला आणि सीट दाबली. टेप आत जाईना. दोनदा दाबली तशी ती गोळा होऊन वर चुरगळली, चिकट काळी सुरकुती झाली. पोरानं सहज नख लावलं, काढायला. मी म्हटलं थांब. मी घेतो ही. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, काका टॉर्च माझ्या तोंडावर धरून म्हणाले, तुला कशाला रे, तुझा पाय पुरते का? मी म्हटलं पुरते. पुरत नव्हता. पोराशी ठरलेला भाव होता तेवढेच पैसे मी दिले, काकांनी ते दोनदा मोजले, खिशात ठेवले आणि विचारलं, पावती देऊ? चिडून म्हणाले की खरंच, मला अजून कळलेलं नाही.

ह्याला तुम्ही प्रेम म्हणा नाहीतर बावळटपणा. पण मग बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे पॅडलचा दांडा ज्यात फिरतो त्या पार्टचं काय? 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरात पाणी शिरलं तेव्हा ही सायकल त्याच पार्किंगमध्ये हँडलपर्यंत बुडाली होती. त्यानं स्वतः खोलून साफ केली तरी रेती राहिलीच, पॅडलला कटकट आवाज यायचा, आणि त्या आवाजावरूनच मला मागे वळून न बघता कळायचं की तो येऊन राहिला. तो पार्ट मी बिनधास्त बदलला, आवाज बंद, मला काहीच वाटलं नाही. टेप मात्र काढू शकत नाही. ह्यात लॉजिक शोधू नका, मी शोधून थकलो.

तो गेला तेव्हा मी पोस्ट टाकली होती की तो प्रत्येक पॅडलमध्ये माझ्यासोबत आहे. आता वाचली की कसंतरी होतं. कुठल्या पॅडलमध्ये नाही तो. कितीतरी रविवारी मला त्याची आठवणही येत नाही, मेट्रोच्या पिलरखाली खड्डे चुकवण्यातच जीव जातो. आणि येते तेव्हा भलतीच येते, म्हणजे उधारीचे पैसे दिले नाहीत त्यानं, ते. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण जिवंत असता तर धरलाच असता ना, मग आता काहून सोडू?

गुडघा दुखतो, हे खरं आहे, तुमचं बरोबर आहे. मध्यंतरी टेप थोडी वर सरकवून सीट बोटभर खाली घेतली. काकांना सांगितलं तर म्हणाले अजून दोन बोटं घे, गुडघा गेला तर कोण बघणार. म्हणजे तेही तुमच्याच बाजूचे. कोणी स्वस्तात छोटी फ्रेम दाखवली तर बघायला येईन मी, चालवूनही बघीन. घेईन असं मात्र धरून चालू नका.