अकरा चौकटींचा विदर्भ: अर्भकमृत्यूचे आलेख कसे मांडावेत

अर्भकमृत्यू, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू, जिल्हावार रंगीत नकाशात दाखवले की गडचिरोली सगळं खाऊन टाकतं. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. भंडारा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, पण २०११च्या जनगणनेत माणसं भंडाऱ्यातच जास्त: १२ लाख, तर गडचिरोलीत १०.७ लाख. शिवाय एका रंगात एकच वर्ष मावतं. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला सारख्या मापाची चौकट द्यावी, तीत वर्षांची रेघ काढावी आणि चौकटी भूगोलाप्रमाणे लावाव्यात.

विदर्भ यासाठी फार सोयीचा आहे. वरची ओळ पश्चिमेकडून: बुलढाणा, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, गोंदिया. खाली पहिली जागा मोकळी, मग वाशिम, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली. शेजारी किंवा वरखाली आलेली प्रत्येक जोडी खरोखर एकमेकींना लागून आहे. पार तुटते ती यवतमाळ-चंद्रपूर शीव. त्या शिवेवरच्या वणीकडच्यांना खटकेल, पण इलाज नाही.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत जिओफॅसेट हे पॅकेज वापरा. त्याला नाव, कोड, ओळ, रकाना एवढीच फाइल लागते. आकडे मात्र नावावरून जोडू नका. मराठीतच बुलडाणा आणि बुलढाणा दोन्ही चालतं. एक अक्षर हुकलं की चौकट रिकामी. २०११चे जनगणना कोड, ५०० ते ५१०, वापरा. रेघ जुन्या काळात नेणार असाल तर वाशिम १९९८ साली अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, तिथे ती तोडा.

उभा अक्ष सर्वांना एकच. तो चौकटीगणिक वेगळा ठेवला की किरकोळ चढउतारही डोंगर दिसतो. मागे करड्या रंगात विदर्भाची सरासरी असू द्या.

खरी गोम दवाखान्यांची. मृत्यूची नोंद घडल्या ठिकाणी होते. बाळ गडचिरोलीत जन्मलं आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दगावलं, तर जन्म एका जिल्ह्यात, मृत्यू दुसऱ्यात. नागपूर उगाच वर जातं, सेवाग्रामच्या रुग्णालयामुळे वर्धाही. गडचिरोली मात्र आहे त्याहून बरी दिसते. मृत्यूनोंदणीच्या अर्जात (नमुना २), सांख्यिकीय भागात, राहतं गाव असतं. जन्म आणि मृत्यू दोन्ही राहत्या जिल्ह्याप्रमाणे मोजा. ते जमत नसेल तर आलेखावरच तसं लिहा.

अमरावतीची सरासरी मेळघाट झाकून टाकते. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले तालुके मिळून बारावी चौकट करा आणि अमरावतीच्या डोक्यावर ठेवा. जागाही तीच आहे. अमरावतीच्या आकड्यांतून हे दोन तालुके वजा करायला विसरू नका, नाहीतर तेच मृत्यू दोनदा दिसतील. आकडे लहान झाले की रेघ नाचते: वर्षाला २५ मृत्यू असतील तर नुसत्या योगायोगानेही पाचांचा, म्हणजे २० टक्क्यांचा, फरक पडतो. म्हणून या चौकटीत रेघ तीन वर्षांच्या सरासरीची, आणि दरवर्षीचे आकडे फिकट ठिपक्यांनी.