तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळात करंज्या कशा?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी डबा उघडला की कुणीतरी विचारतंच, "अय्या, नाताळात करंज्या? त्या तर आमच्या दिवाळीच्या!" आधी ऑफिसात विचारायचे, निवृत्त झाल्यापासून सोसायटीत विचारतात. मी "आमच्याकडे त्यांना नेवऱ्या म्हणतात" एवढं सांगून डबा पुढे सरकवते. करंजी तोंडात गेली की पुढचा प्रश्न येत नाही. पण यंदा समोर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी विचारलं आणि करंजी हातात धरून खरोखरच उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना दारात सांगून झालं नसतं.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. घरात मालवणी, प्रार्थनेत कोकणी, शाळेत मराठी. पूर्वज गोव्यातून वर सरकलेले. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज, तसे आमच्या घरातले 'पाव' आणि 'बटाटा'ही, पण ते तुमच्याही घरातले. करंजी मात्र कुठल्याही जहाजातून आली नाही. ती इथे होतीच. धर्म बदलला म्हणून आमच्या कुठल्याशा खापरपणजीने सारण करायचं सोडलं नाही, एवढीच गोष्ट. बेत तोच, तारीख दुसरी.

पण हे झालं पुस्तकी उत्तर. माझं उत्तर आमच्या पलीकडच्या घरातल्या काकींशिवाय पुरं होत नाही.

आमच्या आणि काकींच्या अंगणांमध्ये फक्त एक गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. चतुर्थीला काकींकडून ताट यायचं: नेवऱ्या, मोदक, उसळ. ताट धुऊन माय तिथेच पालथं घालायची नाही. त्यात काहीतरी घालूनच ते परत जायचं. निदान चार नारळ, नाहीतर केळी. "रिकामा ताट धाडूचा नाय," हे मी देवाच्या दहा आज्ञांच्या आधी शिकले असेन. आणि नाताळात ताट आमच्याकडून निघायचं.

आता एक गोष्ट सांगते, कारण असल्या आठवणी लिहिताना लोक त्यात फार साखर घालतात. काकींच्या सासूबाई आमच्याकडचं शिजवलेलं कधी खायच्या नाहीत. आम्हाला ते ठाऊक होतं आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. माय नेवऱ्यांचा पहिला घाणा नव्या तेलात, वेगळ्या कढईत तळायची, तोही घरात मांस यायच्या आधी, २२ तारखेला. अंडं घातलेला केक त्या ताटात जायचा नाही. तरी सासूबाई नेवरी हातात घ्यायच्या, काठाची मुरड निरखायच्या आणि "बरी झाली हा" म्हणून नातवाच्या हातावर ठेवायच्या. मला लहानपणी त्याचा राग यायचा. मायला कधी आला नाही. उलट ती मुरड दरवर्षी जास्तच बारीक घालायची. परीक्षक कडक होता ना!

बाकीचं आमचं आमच्यासाठी. कुलकुलांसाठी, म्हणजे तळलेल्या गोड शिंपल्यांसाठी, दरवर्षी कोरी फणी आणायची, तिच्या दातांवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. हे काम आम्हा पोरांचं. दोदोल मात्र व्हडल्या मायचं, म्हणजे आजीचं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या भांड्यात घालून चुलीवर ठेवला की ढवळणारा हात थांबायचा नाही. तीन-साडेतीन तास. मिश्रण कडेने सुटून तेल वर आलं की झालं. आज दोदोल विकत मिळतो, बहुतेक साध्या गुळाचा. रंग तोच असतो, धुराचा वास नसतो. मी तो आणते, खाते आणि नावं ठेवते.

केकसाठी ओव्हन नव्हता. पातेल्याच्या तळाशी वाळू, तिच्यावर डबा, झाकणावर निखारे. एक बाजू नेहमी करपायची. ती पपा खायचे आणि आपल्याला तीच आवडते म्हणायचे.

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, दोन-तीन दिवस आधी करून ठेवायचं, मुरल्याशिवाय त्याला चव नाही. त्याला माडीचा व्हिनेगर लागतो आणि तो आमची आते म्हापशाहून आणायची. बाटली विलायती दारूची, आत व्हिनेगर. एका वर्षी हद्दीवरच्या नाक्यावर बस थांबवली. शिपायाने पिशवीतली बाटली बघितली, मान डोलावली, बूच काढलं आणि चांगला दीर्घ श्वास घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आते म्हणाली, "सोरपोतेलाक घालतत. देऊ तुमका थोडा?" पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे कुणाला जोराची शिंक आली की "नाक्यावरचो आयलो" म्हणायचे.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची तयारी आणखी आधीपासून. पसरट थाळीत माती घालून नाचणी पेरायची, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची, नाताळापर्यंत हिरवीपिवळी रोपं वर येतात. तेच बाळ येशूचं कुरण. काकींकडे नवरात्रात घटाजवळ रुजवण घालत. दोन्हींना माती एकाच वाफ्यातली, कारण गडग्याच्या त्या बाजूची माती भुसभुशीत होती.

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मला फारशी आठवत नाही. मी झोपलेली असायचे. व्हडली माय अर्थ न कळता लॅटिन उत्तरं पाठ म्हणायची. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ मध्ये संपली आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली, तरी ती जुनीच उत्तरं पुटपुटत राहिली. मिस्सेनंतरचं मात्र आठवतं. हे दिवस जत्रांचे. एखाद्या साली जवळपासच्या देवळात त्याच रात्री दशावतार असायचा. पपा आम्हाला घरी सोडून, कोट तसाच अंगात ठेवून थेट तिकडे. पहाटे संकासुराचे किस्से आणि खाज्याची पुडी घेऊन परत. व्हडली माय कुरकुरायची. खाजं मात्र खायची.

पपा मुंबईत नोकरीला. मी लहान असताना ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. मग एसटी, रात्रभर हाडं खिळखिळी करणारी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तोवर मीच मुंबईकर झाले होते. तिकीट १२० दिवस आधी मिळायचं त्या काळात आमचा हिशोब सोपा होता: चतुर्थीच्या सुमारास नाताळचं तिकीट काढायचं. आता ६० दिवसांवर आलंय, म्हणजे दिवाळीच्या आसपास. ३१ डिसेंबरला गोव्यात नाचायला निघालेल्यांशी आमची स्पर्धा असते आणि ते आमच्यापेक्षा चपळ आहेत.

पपा गेले ते नोव्हेंबरात. दुखवट्याच्या वर्षी आमच्यात चांदणी लावत नाहीत, गोड करत नाहीत. २४ डिसेंबरला माय, मी आणि माझा भाऊ पेजेचं जेवण जेवलो. संध्याकाळी गडग्यावरून काकींची हाक आली. हातात ताट, वर केळीचं पान. "औंदा तुमका करूचा नाय, म्हणान मी केलंय." चतुर्थीसारख्याच नेवऱ्या, फक्त आत तीळ नव्हते. तीळ माय घालायची नाही, ते त्यांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. मायने एक उचलली, मुरड बघितली आणि पहिल्यांदाच रडली. मग म्हणाली, "बरी झाली हा." सासूबाईंचीच ढब. काकी हसल्या आणि त्याही रडल्या.

२०२० मध्ये गावी जाता आलं नाही. मुंबईत रात्री ११ नंतर संचारबंदी, मिस्सा मोबाईलवर. त्या वर्षी मी पहिल्यांदा डोंबिवलीत, गॅसवर, एकटीने नेवऱ्या केल्या. सारण कोरडं झालं.

आता माय नाही. काकींची मुलं पुण्यात आहेत, त्या एकट्याच. गुडघे धरलेत, गडग्यापर्यंत येत नाहीत, हाक मात्र तेवढीच खणखणीत. गेल्या चतुर्थीला मी गेले होते. निघताना त्यांनी ताट भरून दिलं. गाडीची वेळ झालेली, मी ते तसंच पिशवीत घालून आणलं. स्टीलचं, काठावर काकांची आद्याक्षरं आणि लग्नाची तारीख कोरलेली. चार महिने माझ्या ओट्यावर आहे.

तिकीट वेटिंगवर आहे, २३ तारखेचं. समोरच्या बाईंना मी म्हटलं, नाही झालं तर एसटीने जाईन. त्यांनी एव्हाना करंजी संपवली होती. विचारत होत्या, तीळ का नाही घातले.