तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षण खात्याच्या वरच्या खुर्चीत कोण हवं?

निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला नागपुरात सगळीकडे गाठतो. अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले जुने मुख्याध्यापक विचारतात, कधी भाजी घेताना एखादी शिक्षिका थांबून विचारते. "मॅडम, शिक्षण खात्याच्या वरच्या पदांवर आयएएसच कशाला पाहिजेत? ज्यांनी कधी खडू हातात धरला नाही, ते शाळांचं धोरण काय ठरवणार?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होते, उपशिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्या नोकरीत जे पाहिलं त्यावरून लिहिते.

वर शिक्षणातला माणूस असावा, हे मलाही मनापासून वाटतं. पण माझ्या डोळ्यांसमोर शाळांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते रिकाम्या पदांमुळे आणि प्रभारींवर चाललेल्या कारभारामुळे. खुर्चीत पूर्णवेळ माणूस नसेल, किंवा असून वर्षभरात उठणार असेल, तर तो आयएएस आहे की बी.एड. झालेला, याने शाळेला काही फरक पडत नाही.

बाहेरच्यांना या खात्याची उतरंड माहीत नसते. मंत्रालयात शालेय शिक्षण विभागाचे सचिव. पुण्यात शिक्षण आयुक्त, त्यांच्याखाली प्राथमिक आणि माध्यमिकचे वेगवेगळे संचालक. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण बघणारी एससीईआरटीही पुण्यातच. मग विभागाचे शिक्षण उपसंचालक. आपल्या नागपूर विभागात सहा जिल्हे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. त्यातला सिरोंचा तालुका तर गडचिरोली शहरापासूनच दोनशे किलोमीटरच्या पुढे. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि दहा-बारा शाळांमागे केंद्रप्रमुख. सचिव आणि आयुक्त आयएएस असतात. संचालकापासून खाली महाराष्ट्र शिक्षण सेवेची, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या शिक्षण अधिकारी वर्गातली माणसं. म्हणजे शिक्षणातली माणसं व्यवस्थेत आहेत. ती कमी आहेत, आणि आहेत त्यांच्यावर दोन-दोन, तीन-तीन पदांचा भार आहे.

प्रभारी म्हणजे काय ते एका गोष्टीतून सांगते. तालुक्याचं नाव घेत नाही. तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेची खोली मोडकळीला आली होती. भिंतीला हात घालता येईल एवढी भेग, आणि कौलं पावसाळ्याआधीच सरकलेली. जुनी सरकारी खोली आपल्या मनाने पाडता येत नाही. तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून ती रीतसर काढून टाकणं, व्हावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, बांधकाम उपअभियंत्याचा दाखला, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेला. निर्लेखन झाल्याशिवाय नवीन खोली मागता येत नाही, आणि धोकादायक खोलीत मुलं बसवता येत नाहीत. मुख्याध्यापकांनी सगळे कागद जोडले होते. गटशिक्षणाधिकाऱ्याचं पद रिकामं, एका विस्तार अधिकाऱ्याकडे प्रभार. त्यांचं स्वतःचं बीट, म्हणजे देखरेखीखालच्या शाळा, वेगळं, वर शेजारच्या तालुक्याचाही भार. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पण नस्तीवर, म्हणजे फाईलवर, समासात त्यांनी लिहिलं, "चर्चा करावी". सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही हे दोन शब्द माहीत आहेत. अर्थ एवढाच, की सही आत्ता होणार नाही. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, नवीन साहेब येऊन राहिले म्हणतात. त्यांनाच करू द्या ना सही. उद्या काही निघालं तर मी कुठं जाऊ?"

पहिली-दुसरीची मुलं तो अख्खा पावसाळा व्हरांड्यात ताडपत्री बांधून बसली. वाऱ्याचा झोत आला की बाई शिकवणं थांबवून ताडपत्री धरायच्या, आणि ओलं होऊ नये म्हणून मुलं वह्या पोटाशी धरून भिंतीकडे सरकायची. नवीन साहेब आले ते दिवाळीनंतर.

हाताखालचा माणूस प्रभारी असला की रोजचं काम चालतं, पगारबिलं निघतात, माहितीचे तक्ते वर जातात. निर्णय मात्र होत नाहीत, कारण निर्णयाची जबाबदारी त्याची नसते. आणि वरचा माणूस प्रभारी असला की हाच प्रकार राज्यभर होतो. केंद्रप्रमुखांचंच बघा. शाळेत जाऊन शिक्षकाशेजारी बसून बोलणारं हे पद. 2023 मध्ये त्यांच्या विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली आणि मग ती परीक्षा पुढे-पुढे जात राहिली. तोवर केंद्र कुणी सांभाळायचं? शेजारच्या केंद्रप्रमुखाने, नाहीतर एखाद्या पदवीधर शिक्षकाने, स्वतःचा वर्ग सोडून.

आता वरच्या पदांकडे येते. वर बसलेला माणूस टिकत नाही तेव्हा काय होतं, ते गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिलं. 2023 मध्ये दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं भागाभागांत आली आणि धड्यांच्या मागे 'माझी नोंद' अशी कोरी पानं आली. हेतू चांगला होता, दप्तराचं ओझं कमी व्हावं. मी एका शाळेत चौथीच्या मुलांची पुस्तकं उघडून पाहिली. काहींनी त्या पानांवर शब्दार्थ लिहिले होते, काहींनी फुलं काढली होती, बऱ्याच पुस्तकांत ती कोरीच. वही तर दप्तरात होतीच. बाई म्हणाल्या, "पानावर काय लिहून घ्यायचं ते कुणी सांगितलंच नाही." दोन वर्षांत ती योजना गुंडाळली. 2024 मध्ये गणवेशाचं कापड आणि शिलाई राज्यस्तरावर नेली. कपडे उशिरा आले, मापं चुकली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक आलं, एप्रिलच्या 25 तारखेपर्यंत. नागपुरात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळे, हे खात्याला दरवर्षी माहीत असतं. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि जून संपायच्या आत मागे घेतला गेला.

यातला प्रत्येक निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. पण आदेश काढणाऱ्याला त्याचा परिणाम दोन शाळावर्षं बघायचा आहे, प्रश्नांना स्वतः तोंड द्यायचं आहे, हे माहीत असतं तर यातले निम्मे आधी एका तालुक्यात करून पाहिले गेले असते. निपुण भारत हे केंद्राचं अभियान 2021 मध्ये सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं ध्येय. हे पाच-सहा वर्षं एकाच दिशेने करायचं काम आहे. तेवढ्या काळात वरचे अधिकारी बदलत राहिले तर प्रत्येक जण नवा तक्ता, नवं ॲप, नवी मोहीम आणतो, आणि शिक्षक मागच्या साहेबांचा तक्ता भरता भरता पुढच्यांचा भरायला लागतो.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्रात बदल्यांच्या विनियमनाचा 2005 चा कायदा आहे, त्यात पदावर सर्वसाधारण तीन वर्षांचा काळ धरला आहे. त्याच कायद्यात कारणं नोंदवून मुदतीआधी बदली करण्याची सोयही आहे, आणि ती सोयच फार वापरली जाते. 2013 मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यम या माजी कॅबिनेट सचिवांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना किमान निश्चित कालावधी द्यायला सांगितलं. हेच सुब्रमण्यम पुढे केंद्राच्या शिक्षण धोरण समितीचे अध्यक्ष झाले. 2016 च्या त्यांच्या अहवालात भारतीय शिक्षण सेवा, म्हणजे आयएएससारखी शिक्षणासाठीची अखिल भारतीय सेवा, उभी करा, अशी शिफारस होती.

ही शिफारस जुनी आहे. इंग्रजांच्या काळात अशी सेवा होतीच. सरकारी सेवांचा विचार करणाऱ्या 1924 च्या ली आयोगानंतर तिची भरती थांबली. 1964 ते 66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने ती पुन्हा मागितली, 1986 च्या धोरणातही ती आली. राज्यांनी नको म्हटलं आणि ती झाली नाही. मला विचाराल तर शालेय शिक्षणासाठी अखिल भारतीय सेवा नकोच. गडचिरोलीतल्या भामरागडच्या आदिवासी मुलाची घरची भाषा माडिया, शाळेची मराठी. त्या दोन भाषांमध्ये त्याची पहिली दोन वर्षं कशी जातात, हे समजायला त्या शाळेत जाऊन बसावं लागतं. त्यासाठी राज्याचीच सेवा हवी आणि तिला वरपर्यंत वाट हवी. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे, आयसीएस किंवा आयएएस नसलेले. खेड्यात काम करत करत ते देशाचं शिक्षण धोरण लिहिण्यापर्यंत पोचले. आज तसा माणूस आपल्या खात्यात आला तर संचालकपदाच्या वर त्याला जागाच नाही.

आयएएसबद्दलचा राग मात्र मला पूर्ण मान्य नाही. जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी मनावर घेतो तेव्हा शाळेच्या संरक्षक भिंती, स्वच्छतागृहं, पाण्याच्या टाक्या एका वर्षात उभ्या राहतात, हे मी पाहिलं आहे. वित्त विभागातून फाईल काढून आणायला, न्यायालयात शपथपत्र वेळेवर दाखल करायला, मंत्र्यांना स्पष्ट नाही म्हणायला तो दर्जा लागतो. म्हणून सचिव आयएएस असावेत. आयुक्त मात्र महाराष्ट्र शिक्षण सेवेतून यावेत. ज्यांनी गटशिक्षणाधिकारी म्हणून तालुका सांभाळला आहे आणि उपसंचालक म्हणून विभाग पाहिला आहे, अशांतूनच. मुदत तीन वर्षं, आणि आधी हलवायचं असेल तर कारण जाहीर करून. संचालकाची निवृत्ती कधी आहे हे खात्याला कित्येक वर्षं आधी ठाऊक असतं. मग त्याच दिवशी दुसरा माणूस रुजू का होऊ शकत नाही, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

नागपुरात हे लिहिताना शालार्थ, म्हणजे शाळांचे पगार काढण्याच्या ऑनलाइन प्रणालीचं, प्रकरण टाळता येणार नाही, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेही विचारता. बनावट शालार्थ आयडी देऊन अपात्र लोकांचे पगार काढल्याचं प्रकरण 2025 मध्ये आपल्याच विभागात उघडकीला आलं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं. "मग शिक्षणातलीच माणसं वर बसवून काय मिळालं?" असं तुम्ही विचारता, तेव्हा मला फार लागतं, कारण प्रश्न खरा आहे. दोषींना शिक्षा व्हावी, ती सेवेतली आहेत म्हणून सूट मिळू नये. पण वैयक्तिक मान्यता (शिक्षकाच्या नेमणुकीची मंजुरी), संचमान्यता (शाळेच्या पदसंख्येची मंजुरी), शालार्थ, वेतन पथक (पगारबिलं तपासणारं कार्यालय) या सगळ्या साखळीत एकाची सही दुसऱ्याने तपासायची असते. त्या दोन्ही खुर्च्यांचा भार एकाच माणसाकडे असला की तपासणी राहते कुठे? भ्रष्टाचार पदं भरल्याने आपोआप थांबणार नाही. रिकाम्या पदांनी त्याला जागा मात्र मिळते, असं माझं ठाम मत आहे.

बाहेरचे तज्ज्ञ थेट नेमावेत का, हेही कुणी कुणी विचारतात. केंद्राने 2024 च्या ऑगस्टमध्ये अशा 45 पदांची जाहिरात काढली आणि आरक्षणाच्या मुद्द्यावर तीन दिवसांत मागे घेतली. पाठ्यक्रम, मूल्यमापन, विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण, यांसाठी तज्ज्ञ जरूर यावेत. रोजचा कारभार त्यांच्याकडे देऊ नये.

दर डिसेंबरला अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं. 1953 च्या नागपूर करारातून आलेली ही गोष्ट. यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, त्यांत विनाअनुदानित शाळांचे शिक्षक हमखास असतात. अनुदान, पेन्शन, पगार या मागण्या रास्त आहेत. त्यांच्या निवेदनात आणखी एक कलम असावं असं मला फार वाटतं. आमच्या जिल्ह्यात शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि प्रभार कुणाकडे केव्हापासून, हे सभागृहात सांगा. आमदारांनी तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं.

आणि अभ्यासिकेतल्या मुलांनो, तुम्ही विचारता की राज्यसेवेच्या पसंतीक्रमात शिक्षण सेवा वर टाकावी का. उपजिल्हाधिकारी आणि डीवायएसपी सोडून कुणी ती मागत नाही, हे मला माहीत आहे. गाडीवर दिवा नसतो, गावात लोक ओळखत नाहीत, माध्यमिकच्या सुनावण्यांत वकिलांसमोर दिवस जातात. तरीही वर टाका. पहिल्या वर्षी एखाद्या तालुक्याच्या शेकड्याहून जास्त शाळा तुमच्याकडे येतील. त्यातल्या निम्म्या शाळांत तुमच्याआधीचा साहेब गेलेलाच नसेल. कोरची, कुरखेडा, देवरी, जिवती अशा आडबाजूच्या तालुक्यांत, जिथे मिळेल तिथे रुजू व्हा आणि मुदत संपेपर्यंत बदलीसाठी कुणाच्या दारात जाऊ नका. टेबलावर पहिल्याच दिवशी निर्लेखनाचे प्रस्ताव पडलेले असतील. ते वाचा, शाळेत जाऊन खोली बघा आणि त्याच आठवड्यात सही करा.