सेव्हन, भाग ५: स्टिअरिंग उजवीकडे, चाकं डावीकडे

मंडळी, मागच्या नोंदीत 'महिन्याभरात गाडी चाकांवर उभी करतो' असं लिहून बसलो होतो. त्याला तीन महिने झाले. मधे घरात दोन लग्नं झाली, नवतपा (मे अखेरचे कडक तापाचे नऊ दिवस) झाला, आणि माझ्या हातून एक चूक झाली, जिच्यापायी अर्धी नोंद खर्ची पडणार आहे.

नव्यांसाठी दोन ओळी. नागपुरात मानेवाड्यात घराच्या पोर्चमधे लोटस सेव्हनची, म्हणजे एका जुन्या, हलक्या, दोन आसनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडीची प्रतिकृती बांधतो आहे. किटमधे (जोडायच्या सुट्या भागांच्या संचात) आले ते टोकं खाचून दिलेले २५ × २५ चे सोळा गेज स्क्वेअर पाइप, लेझरने कापलेल्या पट्ट्या, विशबोन (चाक धरणारे दुबेळके दांडे), पुढचे हब, स्टिअरिंग रॅक (डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा), फायबरचं नाक आणि मडगार्ड. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल नोंदणी रद्द झालेल्या मारुती जिप्सीचा. दोन पाइप मीच उलट्या बाजूने कापून वाया घालवले. ते इतवारीच्या लोहा ओळीतून परत आणले. दुकानदाराने 'गेट बनवून राह्यले का भाऊ?' विचारलं, मी हो म्हटलं. खरं सांगायला वेळ नव्हता.

उन्हाळ्यातल्या वेल्डिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुण्यातल्या कुणी मला सांगितली नसती. मे महिन्यात दुपारी पोर्चमधे उभं राहणं शक्य नाही, म्हणून कूलर ओढून आणला. पहिल्या दिवशी सगळे जोड जाळीदार, पोह्यासारखे भुसभुशीत. वायर बदलली, करंट बदलला, सिलिंडरवर शंका घेतली. कारण साधं होतं: कूलरचा वारा मिग वेल्डिंगचा, जोडाला हवेपासून झाकणारा गॅस उडवून लावत होता, आणि गॅस गेला की वितळलेल्या लोखंडात हवा शिरते, जोडात छिद्रं पडतात. वर कूलरच्या दमट हवेने घासून ठेवलेल्या पाइपांवर रात्रीतून तांबूस गंज. शेवटी पहाटे पाच ते आठ एवढीच वेळ धरली, कूलर बंद. सात जोड ग्राइंडरने उडवून पुन्हा केले. आधी सगळीकडे टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते जोड), मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून, हा नियम पाळला तरी चौकटीच्या कर्णांच्या मापात ३ मिमीचा फरक राहिला. मी तो सोडून दिला आहे. कुणाला झोप येत नसेल तर त्यांनी सोडू नये.

गिअरबॉक्सचं मात्र फार छान जमलं. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा) हे दोन वेगळे डबे, मधे लहानसा शाफ्ट. ट्रान्सफर केस 'हाय'मधे असतानाही १.४०९ ने गती कमी करतो आणि मागच्या डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं) गुणोत्तर ३.९०९. दोन्हींचा गुणाकार साडेपाच. डोंगर चढायला उत्तम, पण हलक्या गाडीत इंजिन नुसतं बोंबलत राहील. ट्रान्सफर केस काढून शाफ्ट सरळ मागे नेला की उरतं ३.९०९, आणि निम्म्या वजनाच्या गाडीला तेवढं पुष्कळ. इंजिन एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं), १२९८ सीसी, ८० बीएचपी. मूळ जिप्सीचं वजन टनाच्या आसपास. माझी गाडी साडेपाचशे किलोच्या आत बसावी असा बेत आहे. फक्त स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधूनच निघते, ती गेली. जीपीएसचा काटा लावीन.

आता मुख्य प्रकरण.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चाकं लागली. पुढे चार नट, मागे पाच. हे बघून शेजारचे काका म्हणाले, "बाप्पा, दोन गाड्यांची एक गाडी करून राह्यले का?" बरोबर ओळखलं होतं त्यांनी. रॅक जोडला, कॉलम जोडला, व्हिडिओ काढायला फोन लावला. मुलगी रंगाच्या डब्यावर ड्रायव्हर होऊन बसली आणि तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"बाबा, हे उलटं वळून राह्यलं."

मी म्हटलं, तू समोरून बघ म्हणजे कळेल. समोरून ती नाही, मीच बघत होतो. चाकं डावीकडे वळली होती.

कारण समजायला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल डोळ्यांसमोर आणा. त्याचं तोंड धरून डावीकडे ढकललं तर तो डावीकडे बघतो. शेपूट डावीकडे ढकललं तर तोंड उजवीकडे जातं. चाकाचा स्टिअरिंग आर्म (रॅक ज्याला ढकलतो तो दांडा) पुढे असेल तर रॅक तोंड ढकलतो, मागे असेल तर शेपूट. किटच्या नकाशात रॅक पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे दाखवला आहे. खोक्यात आलेला रॅक मात्र एका लहान हॅचबॅकचा, जिथे तो इंजिनाच्या मागे, मध्यरेषेच्याही मागे बसतो. तोच पुढे लावला की सगळं उलटं. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "बाकीच्यांचं तर बरोबर बसतं." बाकीचे कोण, ते सांगितलं नाही.

सेव्हनचा जन्मच कागदी उलटापालटीत झालेला आहे म्हणा. १९५७ साली लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनची ही गाडी बाजारात आली तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर परचेस टॅक्स लागे, सुट्या भागांवर नाही. सोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून गाडी खोलण्याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या शेवटून वाचे, असं सांगतात. पुढे १९७३ मधे मॉडेल केटरहॅम या कंपनीकडे गेलं. माझ्या किटचा कागद मी शेवटूनही वाचून पाहिला, उपयोग झाला नाही.

पहिला सल्ला मिळाला, रॅक फिरवून बसव. तसं केलं की पिनियन (रॅक सरकवणारा लहान गिअर, ज्याला स्टिअरिंग जोडतात) डाव्या बाजूला जातो आणि गाडी अमेरिकेची होते. दुसरा सल्ला, मधे गिअरची पेटी घाल. स्टिअरिंगमधे आणखी एक ढिली होणारी वस्तू मला नको. तिसरा मार्ग घेतला: माउंट कापून रॅक मध्यरेषेच्या मागे नेला. इंजिन अजून बसलं नव्हतं हे नशीब, नाहीतर क्रँकची पुली आडवी आली असती. आता इंजिन २५ मिमी मागे सरकवणार आहे.

स्टिअरिंग आर्म बोल्टने लावलेले होते, पण नुसते फिरवून भागत नाही. आर्म पुढे असताना त्यांची टोकं बाहेर झुकलेली असतात. मागे असताना ती आत, मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याकडे बघायला हवीत, म्हणजे वळताना आतलं चाक जास्त वळतं. पोर्चच्या फरशीवर ओळंब्याने किंगपिनचे (ज्या आसाभोवती चाक वळतं त्याचे) बिंदू घेतले, तिथून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३००, मध्यापासून किंगपिन ५६०, आर्म ११० मिमी. म्हणजे टोक साधारण २७ मिमी आत. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमधून ईएन-२४ या मजबूत पोलादाचे नवे आर्म मशिन करून घेतले. तिथल्या भाऊंनी 'जुनेच कापून वेल्ड मारून देऊ' असं सुचवलं होतं. बाकी कुठेही तडजोड करीन, स्टिअरिंग आर्मला वेल्ड नाही.

मग बंप स्टिअर, म्हणजे चाक वरखाली होताना आपोआप वळणं. स्प्रिंग काढून हबला प्लायची फळी बांधली, चाक जॅकने ५० मिमी वर आणि तेवढंच खाली नेलं, फळीच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजलं. पहिल्या मापात ७ मिमीचा फरक. असं चाक प्रत्येक खड्ड्यात स्वतःच दिशा बदलेल. रॅकखाली ३ मिमीची एक पट्टी घातली, फरक ४ वर आला. दुसरीने दीडवर. तिसरी घातली तर पुन्हा वाढला, म्हणून काढली. या एका कामात दोन रविवार गेले, आणि मला ते सगळ्यात आवडलं.

नेहमीचा प्रश्न: रस्त्यावर कशी आणणार? आणणार नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही वाचले आहेत. काटोलकडे मित्राच्या संत्र्याच्या बागेतून खाजगी रस्ता जातो, गाडी ट्रेलरवर तिथे नेणार. फक्त मृगाचा बहार उतरायच्या दिवसांत येऊ नको, असं त्याने बजावलं आहे.

परवा संध्याकाळी पाऊस उघडल्यावर काका, मी आणि मुलगी अशी तिघांनी गाडी फाटकाबाहेर ढकलली, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आणली. डब्यावर मुलगीच. वळणावर तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि मान काढून चाकांकडे पाहिलं. "आता बरोबर," ती म्हणाली.

पुढच्या वेळी इंजिन माउंट. सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) पुढच्या आडव्या पाइपाला फक्त ८ मिमीने चुकतो आहे. कुणी जिप्सीचा सम्प कापून उथळ केला असेल तर तेलाचा पिकअप (तेल ओढणारी नळी) कितीने वर घेतला ते कळवा.