भुंग्याचा वासा

मे महिन्यात आम्हा सुतारांना मान वर करायला फुरसत नसते. पाऊस तोंडावर, आणि प्रत्येकाला पडवी, गोठा, मांगर (घराबाहेरची सामानाची खोप) सगळं एकदमच सावरून हवं असतं. गुहागरजवळच्या एका वाडीत पडवीचे वासे बदलायचं काम धरलं होतं. कौलं उतरवली, तर एका वाशाच्या खालच्या अंगाला गिरमिटानं पाडावं तसं साफ गोल भोक. खाली लादीवर ताजा भुसा.

"मेला भुंगा! रॉकेल ओत त्यात नि बूच मार," घरच्या काकू म्हणाल्या.

वासा हलवताच भोकातून मादी घूं करत निघाली. माझ्याबरोबरचा पोरगा शिडीवरून पडता पडता वाचला. तोंडासमोर घिरट्या घालून दम देतो तो खरं तर नर, आणि त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

वासा खाली आला तो उभा चिरला. भोक थोडं आत जाऊन काटकोनात वळलेलं आणि तिथून लाकडाच्या रेषेनं लांब गेलेलं. आत ओळीनं खोल्या. प्रत्येकीत परागात मध कालवून केलेला पिवळा गोळा. दोन खोल्यांमध्ये थुंकीनं चिकटवलेल्या भुशाची भिंत. एक चकती निघाली ती उजेडात धरली, तर एका बाजूला गोल गोल फिरत मध्यावर गेलेले वळसे. पटाशीनं मला ते जमलं नसतं. सगळ्यात आतली अळी गलेलठ्ठ, कारण पहिलं अंडं तिथं पडतं. दाराजवळच्या खोलीत नुसतं अंडं होतं, पांढरं, किंचित वाकडं, तांदळाच्या दाण्याहून बरंच लांब. कीटकांमधली सगळ्यात मोठी अंडी या भुंग्यांच्या जातीतच सापडतात.

भुंगा वाळवीसारखं लाकूड खात नाही, जबड्यानं कोरून भुसा बाहेर टाकतो. एखाद्या भोकानं घर बसत नाही. पुढच्या पिढ्या तेच घर वाढवत गेल्या की मात्र वासा पोकळ होतो, आणि हा झालाच होता.

काकूंना म्हटलं, तुमच्या परसातल्या वांग्याच्या फुलाला धरून हा असा घुमतो की आतला पराग झडतो. मधाच्या माशीला ते येत नाही.

"असं होय? मग मांगराला बांध. पडवीत नको."

तेवढा तुकडा कापला, चीर जुळवून सुतळीनं आवळली आणि मांगराच्या वळचणीला टांगला. नव्या वाशांना ऑईलपेंटचे दोन हात मारले. रंगवलेल्या लाकडाकडे भुंगा सहसा फिरकत नाही. रंगाचे पैसे वेगळे धरायला काकूंनी साफ नकार दिला.