आमची वाटचाल: मोटर वायंडिंगपासून सोलर गिरणीपर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमचं मूळ दुकान मोटर वायंडिंगचं. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडून जळालेल्या मोटरींची रीघ लागायची. तारेवर झाड पडलं की वीज गेलीच, आणि असली तरी व्होल्टेज निम्मं. कमी व्होल्टेजवर ओढत राहिलेली मोटर जळणारच. इथलं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं. त्याच्या आतल्या वाड्यांना नवा खांब रोवायचा तरी जंगल खात्याची परवानगी लागते. अशा जंगलपट्टीत म्हशी पाळणारे धनगर गवळी राहतात, मूळ आफ्रिकेतून आलेले सिद्दी राहतात. लोणी काढणं, शिवण, नाचणीचं दळण, कामाला माणसं कमी नाहीत. अडतं ते करंटपाशी.

सोलरमध्ये आम्ही आलो ते मोटरीच्या बाजूने, आणि आजही गिऱ्हाईकाला आधी पॅनल दाखवत नाही, त्याचं मशीन बघतो. शिलाई मशीनची साधी मोटर १०० वॅटच्या आसपास घेते, पॅनल-बॅटरीवर थेट चालणाऱ्या चांगल्या डीसी मोटरीला त्याच्या निम्मीही वीज पुरते. साधी मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते आणि त्या एका झटक्यासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. हळूहळू वेग घेणारी डीसी मोटर लावली की तो खर्चच टळतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. स्वच्छ उन्हात एक किलोवॉटच्या पॅनलवर दिवसाला साधारण ४ युनिट धरले, तर वाया जाणारी वीज धरून तेवढ्यात एक एचपीची गिरणी चारेक तास चालते. दळण उन्हातच उरकलं तर बॅटरीही लहान पुरते, आणि सगळ्यात आधी खराब होते ती बॅटरीच.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे ऊन दिसत नाही. त्या महिन्यांत दळण एक दिवसाआड होईल, हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. कौलांवर पॅनल टाकत नाही, वानरं उड्या मारतात. अंगणात लोखंडी खांबावर बसवतो. बॅटरीत पाणी घालायला, काच पुसायला वाडीतलीच एखादी मुलगी तयार करतो. फुकट वाटलेले दिवे वर्षभरात बंद पडतात, कारण दुरुस्तीला कुणी येत नाही.

हप्ता बचत गटामार्फत येतो, दुभत्याच्या दिवसांत मोठा, म्हशी भाकड असताना छोटा. बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना २०२० साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यांच्या गटांसाठी योजनांची दारं तरी उघडली. गवळ्यांचं नाव त्या यादीत नाही. एकाच जंगलात, एकाच अंधारात राहणाऱ्या दोन वाड्यांत हा फरक असावा, हे मला पटत नाही. म्हणून गवळीवाड्यावरच्या कामात आम्ही बसवण्याची मजुरी घेत नाही.

सध्या एका सिद्दी वस्तीत बायकांच्या गटाची गिरणी उभी करतोय. दळणाचा दर त्यांनी बैठकीत ठरवलाय, आणि त्यातले काही पैसे पुढच्या बॅटरीसाठी दर महिन्याला बाजूला काढायचे, हेही.