तेलात हात कशाला घालायचा?

"पोरगं काँप्युटरवर हायड्रॉलिकचं सर्किट काढून सिलिंडर पुढं-मागं करून दाखवतंय की ओ सर, मग लॅबमध्ये कपडे तेलकट कशाला करायला लावता?" दरवर्षी कुणीतरी पालक हे विचारतातच. यंदा तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी फार बोलत नाही. पॉवर पॅक, म्हणजे तेलाची टाकी, पंप आणि मोटर, चालू करायला लावतो. व्हॉल्व्ह मधल्या पोझिशनला, तेल सरळ टाकीत परत. मोटर घुमतेय आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा मात्र शून्याजवळ. "सर, गेज बिघडलाय," हे दर बॅचला कुणीतरी म्हणतंच. मग लिव्हर ओढायला सांगतो. मोकळा सिलिंडर निवांत पुढं जातो, काटा जेमतेम हलतो. दांडा टोकाला जाऊन अडला की काटा उसळतो, आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह ५० बारला (बार हे दाबाचं माप) लावलेला असेल तर तिथंच थांबतो. पंप नुसतं तेल ढकलतो, दाब तयार होतो तो अडवणुकीनं. पोरं हे परीक्षेत बरोबर लिहितात, पण गेज बिघडलाय म्हणणारीही तीच! एकदा शिरोळकडचा एक पोरगा पटकन म्हणाला, "म्हणजे आमची डंपिंग ट्रॉली. रिकामी उचलताना ट्रॅक्टरला कळत पण नाही, शेणखत भरलं की इंजिन दबतंय." त्या दिवशी मला पुढं काही शिकवावं लागलं नाही.

५० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर ५० बारला जवळपास एक टन जोर लावतो. त्यात २८ मिलिमीटरचा दांडा असला, तर जाताना सहा सेकंद लागले की येताना चारच्या आसपास. दांड्यानं जागा अडवल्यामुळं त्या बाजूला तेल कमी लागतं. पोरं घड्याळ लावून मोजतात.

सॉफ्टवेअरशी माझं वैर नाही. कुठला सिलिंडर आधी, कुठला नंतर, हे रिलेचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांचं, गणित आम्ही आधी त्यावरच तपासतो. तिथं चूक फुकटात होते. पण पंप तेल ओढतो तिथली सक्शनची जाळी तुंबल्यावर पंप गोट्या खडखडाव्यात तसा आवाज करतो, तो त्यात ऐकू येत नाही. आणि होजची, म्हणजे तेलाच्या नळीची, गळती बोटानं शोधायची नसते, पुठ्ठा फिरवायचा असतो. जास्त दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. उद्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनसमोर उभं राहायचंय तुमच्या पोराला.

कपड्यांचं म्हणाल, तर ॲप्रन सक्तीचा आहे. बाह्यांवरचे डाग मात्र जात नाहीत, हे कबूल.